गोफणीतला चांद

जवळा बाजारचे, नवरदेवाकडचे पाहुणे दुपारी येणार होते. विधवा सून सीमा हिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरला होता, आणि तो जुळवायला सासऱ्यांनी, ज्ञानबा गुरुजींनीच खटपट केली होती. त्यांचा लेक शिवप्रसाद नांदेडच्या रस्त्यावर अपघातात गेला. तिशीही न गाठलेल्या बाईनं उरलेला जन्म असाच का काढावा? पण रीतीप्रमाणे पाट लागलेली बाई एकटीच जाते. पहिल्या नवऱ्याची लेकरं त्याच्याच घरी राहतात. म्हणून सीमा सकाळपासून पिशवीत फक्त स्वतःच्या साड्या भरत होती. लेकीचा, वैजूचा फ्रॉक हाती आला की त्याची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची आणि तो खुंटीला अडकवायची. 

गुरुजींना ते बघवेना. नातीचं बोट धरून ते ज्वारी राखायला निघाले. लेक गेला, सून चालली, ही तरी राहील, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं.

शेतातल्या माळ्यावर, राखणीच्या मचाणावर चढल्या चढल्या वैजूनं सुरू केलं. “आबा, मोबाइलवर दाखवून राहिले, सूर्यावर धूमकेतू आदळला तर काय व्हईल. सूर्य फुटंल काय?”

“न्हाई गं. धूमकेतू म्हंजी बर्फाधुळीचं ढेकूळ. पेटल्या चुलीत पाण्याचा थेंब पडल्यावानी. चुर्र झालं की संपलं.”

“अन् सूर्यच गायब झाला तर?”

उत्तर सांगायचं नाही, लेकराला करायला लावायचं, ही गुरुजींची शाळेतली सवय. त्यांनी गोफण तिच्या हातात दिली. “तुझा हात सूर्य. धोंडा पृथ्वी. फिरव गरगर. आता सोड दोरी.”

धोंडा सूं करत बांधापार गेला. “गोल न्हाई गेला, आबा! सरळ गेला!”

“धरणारा गेला की सरळच जातं.”

वैजू विचारात पडली. “मग चांद? त्यो पृथ्वीसंगं जाईल का इथंच राहील?”

 लेकराला कधी खोटं न शिकवलेला माणूस दुसरीकडं बघत म्हणाला, “इथंच राहील. सूर्य व्हता तिथंच.”

“करून बघू?”

“काहून? मी सांगून राहिलो ना!”

“तुमीच म्हनता, मास्तरचंबी ऐकून घेऊ नये, करून बघावं.”

तिनं वेणीची रिबीन सोडली. एका टोकाला मोठा खडा बांधला, दुसऱ्या टोकाला चिंचोक्याएवढा. दोन्ही गोफणीत घालून फिरवले आणि दोरी सोडली. धाकटा थोरल्याभोवती भिरभिरत, त्याच्यासंगंच बांधापलीकडं गेला.

“चुकलं तुमचं! धाकल्यानं मोठ्याला सोडलंच न्हाई!”

“व्हय, बाई. चुकलं माझं.”

“तुमी रडून राहिले?”

“सूर्याकडं बघितलं ना. बघू नये म्हून मीच सांगत असतो.”

घरी अंगणात पाहुण्यांची जीप उभी होती. गुरुजींनी खुंटीवरचा फ्रॉक काढला आणि सुनेच्या पिशवीत ठेवला. थोरले भाऊ कोंडीबा ताडकन उठले. “ज्ञानबा, येडा झाला काय? शिवाची येवढीच खूण राहिली. रीत मोडतो व्हय?”

“दादा, लेकरू आईसंगं जाईल.”

“अन् तू?”

गुरुजींनी पिशवी उचलून सुनेच्या हातात दिली. सीमा त्यांच्या पायावर वाकली ती उठेचना; शेवटी त्यांनीच तिला उठवलं. जीपमधून वैजू ओरडली, “आबा, तुमीबी चला!”

“पाखरं कोन राखंल, बाई?”

धुरळा खाली बसेपर्यंत ते रस्त्यावर उभे होते. मग शेतात गेले आणि वाकून वाकून बांधापलीकडं शोधत राहिले. रिबीन एका बोराटीला अडकली होती. दोन्ही खडे जागच्या जागी होते. गाठ सुटली नव्हती. ती मारायला त्यांनीच तिला शिकवलं होतं.

मागं ज्वारीवर पाखरांचा थवा उतरला. गोफण खांद्यावर होती. गुरुजींचा हात उठला नाही.