एकशे बारा पायऱ्यांचं मत

आमच्या गल्लीला रस्ता नाही, पायऱ्या आहेत. एकशे बारा. सिमेंट, पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, सगळं आमची गाढवीण वर वाहायची. तिच्याआधी तिची आई. इतकी वर्षं कुणाच्या काळजाला पाझर फुटला नव्हता.

मग वरच्या घरातल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना सुचलं, लोकांचं मत घेऊ या. गल्लीतल्या साठही घरांत छापील कागद वाटले. 'जनावराकडून ओझं वाहून घेणं योग्य की अयोग्य?' पुढे दोन चौकोन. बाईंना स्वतःची भाजीची पिशवी चार पायऱ्या उचलवत नाही, पण मतं मात्र ढीगभर!

आणि आमचे हे! नेमकी त्या दिवशी गाढविणीच्या खुराला जखम झालेली. हे मलम लावत बसले होते, डोळ्यांत पाणी. बाईंनी कागद पुढे केला आणि ह्यांनी खुशाल 'अयोग्य'वर खूण केली. मी कपाळावर हात मारला. "अहो, स्वतःच्याच पोटावर पाय दिलात!"

"तिला दुखतं गं. खोटं कसं लिहू?"

सभेत बाईंनी तोच कागद फडकवला. "खुद्द मालकाचंही हेच मत!" टाळ्याच टाळ्या. गाढविणीची रवानगी प्राण्यांच्या आश्रमात झाली. आता सुटीच्या दिवशी ही मंडळी तिला गाजरं भरवतात आणि फोटो काढतात.

पण टाक्या वर जायच्या थोड्याच थांबल्या? त्या ह्यांच्या पाठीवरून जातात. काल चाळिसाव्या पायरीवर ह्यांची कंबर धरली, मटकन खाली बसले. मी मागेच होते. वरून बाई ओरडल्या, "जपून हं! टाकी आपटेल!"

टाकी! माझं टाळकंच सरकलं. "बाई, ह्यांच्या पाठीचा कागद कधी छापताय?"

"अगं, ते आपखुशीने करतात. जनावराला बिचाऱ्याला बोलता येत नाही."

"ह्यांना येतं, तेच नडलं!"

टाकी तिथेच पायरीवर ठेवली, ह्यांना हात देऊन उठवलं आणि खाली निघाले.

"अगं, माझा स्वयंपाक अडलाय!"

"साठ घरांचं मत आहे ना तुमच्याकडे? उरलेल्या बहात्तर पायऱ्या त्यांच्याकडून चढवून घ्या."

हे मागे वळून म्हणाले, "बिचाऱ्या उपाशी..."

मी दंडाला धरून ओढलं. ह्या माणसाला पुन्हा कुणी मत विचारू नये.