चौथ्या गाण्यातली गिटार

घुग्घुसचा ‘धुराडं’ हा रॉक बँड सव्वीस वर्षं वाजतोय आणि त्यातली वीस वर्षं मी चंद्रपूरच्या पेपरात त्यांच्यावर लिहितोय. म्हणून गिटार वाजवणारे मुश्ताकभाई बँड सोडून अहेरीला गेले तेव्हा लोकांनी फोन मलाच केले, जणू मीच त्यांना हाकललं. ते का गेले, मलाही ठाऊक नव्हतं. आता दोन वर्षांनी त्यांच्याशिवायचा पहिला अल्बम आला, ‘दुसरी पाळी’. गिटारवर मिथुन, सिमेंट कारखान्यातला फिटर.

पहिली तीन गाणी मी नाक मुरडतच ऐकली. मिथुन वाजवतो स्वच्छ, पण शाळेतल्या कवायतीसारखं. चौथं, संथ गाणं लागलं आणि मी उठून बसलो. ड्रमच्या ठोक्यापेक्षा केसभर मागे राहणारी ती गिटार! ही ढील मुश्ताकभाईंची. मागच्या तीन अल्बमांच्या परीक्षणांत मी तिचं इतकं कौतुक केलं होतं की ‘हा माणूस ठोक्याला वाट पाहायला लावतो’ हे माझं वाक्य बँडनं पोस्टरवर छापलं होतं.

मनात पाल चुकचुकली. जुन्या टेपमधली मुश्ताकभाईंची गिटार काढून मिथुनच्या नावावर खपवली असणार.

मी घुग्घुसला जाऊन हरिदासला गाठलं. ड्रम त्याचे, बँडही त्याचाच. त्यानं चहा मागवला, पोराबाळांची चौकशी केली आणि चौथ्या गाण्याचा विषय काढताच रस्त्यावरचे ट्रक बघत बसला. मिथुननंच वाजवलं, एवढंच म्हणाला. मग मुश्ताकभाई का सोडून गेले, असं विचारलं.

“ते मले नको विचारू, प्रफुल. त्याले शब्द देल्ला हाये मी.”

शब्द कसला? चोरी लपवायचा? मला इतका संताप आला की चहा अर्धा टाकून उठलो. परीक्षणाचं शीर्षक गाडीवरच ठरलं, ‘चोरीची गिटार’. ज्याच्या गिटारवर बँड उभा राहिला त्याचं नाव असं पुसलं जात असताना मी गप्प बसणार नव्हतो. फक्त मुश्ताकभाईंचा होकार हवा होता.

अहेरीत बाजाराच्या रस्त्याला त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. दोन बाया मशीन घेऊन बसल्या होत्या. मी सलाम केला, ते मान खाली घालून पेच पिळत राहिले. म्हटलं, हेही फितूर झाले की काय. मग त्यांची मुलगी शाजिया हिनं त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं आणि उठून मला मिठी मारली. मी माझा संशय सांगत होतो तेव्हा ते माझ्या ओठांकडे बघत होते.

मी काउंटरवर स्पीकर ठेवून चौथं गाणं लावलं. त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

“सुरू कोन करते?” त्यांनी विचारलं.

“गिटार. एकटीच. ड्रम मागून येते.”

“मंग मी नाई तो. नऊ वर्षं झाले, मी एकबी गानं सुरू नाई केलं. हरिदासचं कोपर पाहाचो, मंग वाजवाचो. उशीर त्याच्यानंच व्हाचा. कान गेले माहे, भाऊ. शेवटी कोपर पाहूनबी जमेना.”

तिन्ही अल्बम आठवले. प्रत्येक गाणं ड्रमनं सुरू होत होतं. मी मोठा जाणकार, आणि मला ते दिसलं नव्हतं. बहिऱ्याची म्हणून लोकांनी कीव करू नये, यासाठी त्यांनी हरिदासकडून शब्द घेतला होता. आणि मिथुन? तो त्यांचीच गाणी ऐकून शिकलेला. संथ गाणं असंच वाजवायचं असतं, असं त्याला वाटतं, हे सांगताना मुश्ताकभाई हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कसा वाजवते?” त्यांनी विचारलं.

मी पुटपुटलो, चांगला. त्यांनी कानामागे हात धरला. बाया आमच्याकडेच बघत होत्या. मग मला ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडून सांगावं लागलं.

“मले वाटलं, तुम्हीच वाजवून राह्यले!”

गाणं संपलं तरी त्यांचा हात स्पीकरवरच होता.

“मंग तसंच लिहिजो, मिथुनचं नाव घालून,” ते म्हणाले. “पेपर येते इथी. मले आता वाचूनच ऐका लागते.”