दरीवरचं गाणं

टेकचंद मुंबईत सिनेमा शिकत होता. सत्तावन्नच्या श्रावणात तो आमगावजवळच्या आपल्या गावी आला, तो आवाज टिपायचं यंत्र घेऊनच. आई गेल्यावर धुरपताबाईनं, त्याच्या काकीनं, त्याला वाढवलेलं. आता त्याला धानाच्या रोवणीवर, म्हणजे भातलावणीवर, दहा मिनिटांचा सिनेमा करायचा होता, आयुष्यातला पहिला. चित्रं बरीचशी आधीच्या खेपेत काढून झाली होती. गाणं राहिलं होतं. यंत्र गावात एकच दिवस ठेवता येणार होतं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघायचं होतं.

"गानं नाई भेटलं तं?" काकीनं विचारलं.

"तं आमचे शिकवणारे साहेब मुंबईचे व्हायोलिनवाले बसवतील. सारंगीसारखं वाजते थे."

"रोवण्यात सारंगी? कोन वाजवन, बैल?"

वाऱ्याचा आवाज नको म्हणून टेकचंदनं शाळेची खोली घेतली, खिडक्या लावल्या, दरी म्हणजे सतरंजी अंथरली. सिनेमाचं काम म्हणून बाया न्हाऊन, घडीची लुगडी नेसून आल्या आणि मांडी घालून बसल्या. आता न्हाऊन-धुऊन दरीवर बसलेली बाई दुसरं काय गाणार? शब्द रोवणीचेच होते, पण चाल भजनाची लागली. डोळे मिटून, संथ. शेवटी त्यांच्यातल्या रुख्मानं हात जोडले.

टेकचंदनं ते यंत्रावर पुन्हा ऐकलं. त्याचं तोंड पाहून धुरपताबाईला सातव्या वर्षी मातीचा बैल फुटलेला टेकचंद आठवला. आता फितीचं एकच रीळ उरलं होतं.

"काकी, असं काऊन गायलं तुमी?"

"तू बसवलं तसं गायलं. गानं पायात हाय, बाबू. पाय मांडीखाली दाबून ठेवले तं थे चालन कसं?" तिनं कासोटा खोचला. "चला वो बायानो, बांधीत!"

दोघा गड्यांनी खाट उचलून बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, मधोमध ठेवली. खाटेवर यंत्र, यंत्रावर छत्री. बाया वाकल्या, पऱ्ह्यांची, धानाच्या कोवळ्या रोपांची, पेंढी डाव्या हाती धरून एकेक पाऊल मागं सरू लागल्या. चिखलातून पाय निघायचा तो आवाजच ठेका झाला, आणि धुरपताबाईनं सूर उचलला. मध्येच ती ओरडली, "रुख्मे, डोये फुटले का वो? ओळ वाकडी लावून राहिली!" आणि तिथूनच कडवं पुढं नेलं.

रीळ संपलं. टेकचंदनं हात वर केला, "झालं, काकी!"

"तुई फीत सरली असन. आमची बांधी नाई सरली."

बाया गातच राहिल्या. टेकचंदनं मग कॅमेरा घेतला आणि चिखलात उभं राहून, गाण्याच्या ठेक्यावर, त्यांची मागं सरणारी पावलं टिपली. आधी काढलेली पुष्कळ चित्रं त्यानं पुढं टाकून दिली म्हणे.

पुढल्या उन्हाळ्यात गोंदियात तो सिनेमा दाखवला. व्हायोलिन कुठंच नव्हतं. पडद्यावर पावलं सरत होती, गाणं रंगलं होतं, आणि भर गर्दीत धुरपताबाईचा आवाज गरजला, "रुख्मे, डोये फुटले का वो?"

लोक खो खो हसले. धुरपताबाईनं टेकचंदच्या पाठीत धपाटा घातला.

"हे कायले ठेवलं रे?"

"थे काढलं असतं तं ठेका तुटला असता, काकी."

शेजारी बसलेली रुख्मा पडद्याकडं बोट दाखवत म्हणाली, "पाहा, सरळच तं लावली होती मी."