सुईचा टोचा

काकूंनी फ्लॉपीची पत्र्याची झडप नखाने बाजूला सारली आणि ती खिडकीतल्या उन्हात धरली.

"बघ, बघ. टोचा नसणारच," मास्तर खुर्चीतून म्हणाले. त्यांची नजर जाऊन चार वर्षं झाली होती. जिभेची धार मात्र गेली नव्हती. "खेळात सातव्या मजल्यावर दार उघडलं नाही म्हणतोय ना हा? मग चोरीचीच."

समोरचा पाहुणा पंचेचाळिशीचा होता. त्याला जुने कॉम्प्युटर गेम जमवायचा नाद. 'मनोरा' हा खेळ ज्या नवराबायकोने बनवला ती दोघं अजून आहेत, एवढं कळल्यावर तो लहानपणीचं खोकं पिशवीत घालून पत्ता शोधत आला होता.

"सर, खोकं सीलबंद होतं. माझ्या मामाने दुकानातून आणलं होतं."

"मग मामा काय सांगणार, ढापून आणलं म्हणून?" मास्तर खो खो हसले.

पाहुणा हसला नाही.

मास्तरांनी शाळेतली गणिताची नोकरी सोडून 'मनोरा' रचला, तेव्हा पहिले दोन मजले त्यांनी फुकट वाटले होते. वानगी चाखायला द्यावी, पातेलं आपल्या हातात ठेवावं, असं त्यांचं म्हणणं. त्या दोन मजल्यांनी पोरांना वेड लावलं. पुढच्या मजल्यांना मास्तरांनी डोकं लढवून कुलूप घातलं. प्रत्येक अस्सल फ्लॉपीला आत ठरलेल्या जागी सुईने टोचायचं. कॉपी केली तर टोचा काही उतरत नाही. खेळ सुरू झाला की तो टोचा शोधणार. सापडला नाही तर चकार शब्द न काढता सहा मजले चढू देणार आणि सातव्याचं दार कायमचं बंद ठेवणार. चोर दमेल, चडफडेल आणि शेवटी निमूट दुकानात येईल.

टोचायचं काम काकूंचं. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा साचा ठेवून त्या दुपारभर टोचत बसायच्या. पहिल्या शंभर फ्लॉप्या मास्तरांनी स्वतः चालवून पाहिल्या. पुढच्या दोन हजारांच्या वेळी म्हणाले, "तुझ्या हाताला आता काय तपासायचं?" त्याच आठवड्यात साच्यावर चहा सांडला होता. काकूंनी नवा कापला. अंदाजाने.

उन्हात टोचा लख्ख दिसत होता. काठाशी हवा होता, तो गव्हाच्या दाण्याएवढा आत सरकला होता.

तेव्हा पत्रांचा नुसता ढीग पडला होता. "एवढे चोर!" मास्तर कपाळावर हात मारून घ्यायचे. दार उघडत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी छापील कार्ड पाठवलं: आपली प्रत चोरीची आहे, कृपया खरी विकत घ्यावी. कार्डांवर पत्ते काकूंनीच घातले होते, सुवाच्य अक्षरात. वर्षभरात धंदा बसला. चोरांनी बुडवलं, असं मास्तर आल्यागेल्याला ऐकवू लागले, ते आजतागायत.

"तुमचं कार्ड माझ्या बाबांच्या हाती पडलं," पाहुणा म्हणाला. "त्यांनी मामाला भरल्या ताटावर चोर म्हटलं. मामा उठला, तो पुन्हा आमच्या घरात आला नाही. आई गेली तेव्हासुद्धा फाटकाशीच उभा राहिला." त्याने खोकं पुढे सरकवलं. "ऐंशीचा झालाय आता. खोकं खरं होतं, एवढं त्याला सांगायचंय. तुमच्या तोंडचं."

"काय गं, आहे का टोचा?" मास्तरांनी विचारलं. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न वर्गात विचारावा, तशी त्यांनी मान वर केली होती.

पाहुणा उठून काकूंच्या शेजारी उभा राहिला होता. त्यालाही दिसत होतं.

"नाही," काकू म्हणाल्या.

"बघ! वाईट नको रे वाटून घेऊस. तू तर पोर होतास."

पाहुण्याने खोकं पिशवीत घातलं, मास्तरांना वाकून नमस्कार केला. काकू त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेल्या.

"काकू, मी पाहिला टोचा."

"चुकीच्या जागी आहे. माझ्या हातून झालं."

"सगळ्यांवर?"

काकूंनी मान डोलावली.

"मग आत तसं का बोललात?"

"चोरांना शिव्या घालूनच दिवस काढतात रे ते."

त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"माझ्या मामाला तरी सांगा. सरांना कळायचं नाही."

बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला.

"कोण?"

काकूंनी घराकडे पाठ केली आणि तोंडाशी हात धरला. "तुम्ही भाच्याला दिलेला तो खेळ खराच होता हो. चूक माझी होती."

"कोण बोलतंय?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. आत मास्तरांच्या खुर्चीची करकर थांबली.

"जरा मोठ्याने बोला की, बाई," पलीकडचा म्हातारा म्हणाला. "मला कमी ऐकू येतं."