नसीमाचा श्वास सांभाळणारी बाटली

मी एक जुनी काचेची बाटली आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! मी तेलाची नाही आणि सरबताची तर नाहीच. एके काळी माणसांचा श्वास माझ्यात वरखाली होत असे. हे भाग्य किती बाटल्यांच्या वाट्याला येते, सांगा बरे?

भट्टीतला जन्म मला आठवत नाही. भुशात गुंडाळलेली मी शेगावला आगगाडीतून उतरले आणि मोटारीने घाट चढून बुलढाण्याच्या एका लहान दवाखान्यात आले. मला मागवले होते डॉक्टर उकंडरावांनी. आधीची भावंडे जगली नाहीत, म्हणून याला तरी दृष्ट लागू नये अशा आशेने आईबापांनी त्यांचे उकिरड्यावरून असे नाव ठेवले होते. लोक नावाला हसत आणि डॉक्टरही त्यांच्याबरोबर हसत. ते विलायतेत छातीची शस्त्रक्रिया शिकले होते. नागपूरला मुलांना डॉक्टरी शिकवत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या गावी येत. सुट्टी कसली, रोग्यांची नुसती रीघ लागे!

छातीत पू साचला की फुफ्फुस दबते आणि माणूस धापा टाकतो. डॉक्टर बरगडीचा लहानसा तुकडा काढून तिथून रबरी नळी आत घालत. नळीचे दुसरे टोक माझ्यातल्या पाण्यात बुडालेले असे. त्यामुळे आतला पू आणि हवा बाहेर येई, पण बाहेरची हवा आत शिरत नसे. रोग्याने श्वास घेतला की नळीतले पाणी चढे, सोडला की उतरे. डॉक्टर विद्यार्थ्यांना माझ्यासमोर उकिडवे बसवून म्हणत, "आधी हे पाणी वाचा, पुस्तक मग." तेव्हा मला केवढा ताठा चढे!

त्या काळी हृदयावर सुरी चालवायला मोठमोठे डॉक्टर कचरत. आमचे डॉक्टर म्हणत, "फुफ्फुसापर्यंत पोचलो. शेजारीच हृदय धडधडते आणि मला त्याच्या दारातून परत फिरावे लागते."

एका उन्हाळ्यात सुलतानपूरहून चांदबी आपल्या लेकीला, नसीमाला, घेऊन आली. पोरीचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी नळी घातली, मला खाटेशेजारी जमिनीवर ठेवले आणि माझ्यात बुडबुडे उठू लागले. चांदबी ते पाहत बसली. पण जागा वाटेतली. कोणाचे धोतर मला घासून जाई, कोणाचा पाय लागे. दुपारी तिला राहवले नाही. तिने मला अलगद उचलले आणि खाटेच्या वर, खिडकीत ठेवले.

माझ्यातले पाणी नळीतून पोरीच्या छातीकडे निघाले. मला ते कळत होते, पण तोंड असून ओरडता येत नव्हते. नसीमा खोकू लागली, तिचा जीव घाबरा झाला. तेवढ्यात डॉक्टर आत आले. त्यांनी धावत येऊन नळी चिमटीत धरली आणि मला खाली आणले.

"बाई, पोरीला मारता का?" एक विद्यार्थी ओरडला.

चांदबी म्हणाली, "माह्या पोरीचा दम हाये त्याच्यात, साहेब. येनारा-जानारा पाय लावते. खाली कशी ठेवू?"

डॉक्टर विद्यार्थ्याला म्हणाले, "तिला बोलू नका. तुम्हाला सगळे शिकवले आणि जिचे लेकरू आहे तिलाच सांगितले नाही. चुकलो मी." मग ते चांदबीसमोर खाली बसले. "बाई, हा दम खालीच सांभाळा लागते. बाटली वर गेली का पानी पोरीच्या छातीत जाते. पाय लागू नये म्हनता, तेही खरं हाये. मंग तुम्हीच हिच्यापाशी बसा."

"हाव," चांदबी म्हणाली आणि मला खेटून बसली. मग काय विचारता! खुद्द डॉक्टरांनाही ती म्हणे, "जरा तिकून जा, साहेब."

हळूहळू बुडबुडे थांबले. फुफ्फुस उघडले होते. नळी निघाली आणि नसीमा आईचा हात धरून चालत बाहेर गेली. मला आनंद झाला, पण तिने एकदा तरी मागे वळून पाहावे असे फार वाटले.

पुढे डॉक्टर हृदयाची शस्त्रक्रिया शिकायला पुन्हा परदेशी गेले. जाताना त्यांनी मला स्वतः धुतले, पुसले. अजून ते आले नाहीत. मी कपाटावर धूळ खात पडले आहे. मोटारीचा आवाज आला की वाटते, आले!

मित्रांनो, माझी ओढ मोठी अवघड आहे. पुन्हा कोणाचा श्वास माझ्यात यावा असे वाटते आणि लगेच मनाची लाज वाटते, कारण त्यासाठी कोणीतरी तळमळत इथे यावे लागेल. तसे कोणी येऊ नये. पण आलेच, तर मी तयार असावे, म्हणून मला धुऊन स्वच्छ ठेवा. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर झाले, तर खूप शिका, हृदयापर्यंत पोचा. मात्र मला जमिनीवर ठेवण्याआधी त्या लेकराच्या आईजवळ बसा आणि तिला सगळे नीट सांगा.