डावी मूठ

लाकूड खोटं बोलत नाही आणि लोखंडाला तर खोटं बोलताच येत नाही, असं कुरुळीचे भिमाजी सुतार म्हणत. माणसांबद्दल ते काही म्हणत नसत. चाळीस वर्षं चाकणच्या पंचक्रोशीत लोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवल्या की आत काय काय चालतं ते कळतं, आणि गप्प बसायची सवयही लागते.

सत्तावन सालच्या माघात त्यांना चिंचवडच्या जावयाचा निरोप आला. खिडक्यांच्या मुठी मोडल्यात, मामांनी येऊन नव्या बसवून द्याव्यात. जावई ज्योतीराम म्हणजे भिमाजींच्या घरात मोठं प्रस्थ. जातीचा सुतारच, पण रंधा सोडून पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर लागलेला. कंपनीने क्वार्टर दिलं होतं. दोन खोल्या, वर स्लॅब, लोखंडी चौकटीच्या काचेच्या खिडक्या. थोरली ठकू तिथे दिली तेव्हा अख्खी कुरुळी म्हणाली होती, भिमाजीनं लेक चांगली उजवली. लेकीचं लग्न करून दिलं की आमच्याकडे 'उजवली' म्हणतात. म्हणजे तोवर ती डावीच.

भिमाजी सकाळच्या एसटीने हत्यारांची पिशवी घेऊन गेले. क्वार्टरला तीन खिडक्या होत्या, प्रत्येकीला एकच झडप. पुढच्या दोन खिडक्यांना गज होते. मागच्या खोलीतल्या खिडकीचे गज कंत्राटदाराने खाल्ले होते, आणि भिंत फोडून नवे बसवायला कंपनीची परवानगी नव्हती. तिन्ही खिडक्यांच्या आतल्या मुठी मोडलेल्या होत्या. झडपांवर बोटभर खुंट तेवढे राहिले होते.

"वाऱ्यानं आपटून मोडल्या, मामा," ज्योतीराम म्हणाला. "उघड्या टाकते ही. लक्ष नसतं हिचं."

भिमाजींनी खुंटावरून अंगठा फिरवला. वाऱ्याने आपटून मूठ मोडायची तर आधी खिळीपाशी सैल होते, झिजते, कुरकुरते आणि मग केव्हातरी हातात येते. ही मधोमध तुटली होती. वरच्या अंगाला रुपयाएवढा पोचा होता. दुसरीलाही तिथेच, तिसरीलाही तिथेच. वारा काही हातोडी घेऊन येत नाही.

"नव्या मुठी बाहेरून बसवा," ज्योतीराम म्हणाला. "मी शिफ्टला निघालो की लावून जाईन."

"बाहेरनं? मंग आतल्या माणसानं उघडायची कशी?"

"आतल्या माणसाला उघडायचं काय कारण? हवा येते की वरच्या झरोक्यातनं."

दाराकडे भिमाजींनी तेव्हाच पाहिलं. बाहेरच्या कडीला मोठं पितळी कुलूप लोंबत होतं. ठकू पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि अर्ध्या वाटेवरच थांबली. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी घ्यायचं नसतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. ती तांब्या घेऊन परत वळली तेव्हा तिच्या डाव्या हातात एकच बांगडी दिसली. मनगट सुजलं होतं.

"आबा," ती आतूनच म्हणाली, "लई घट्ट नका बसवू."

"ऐका," ज्योतीराम हसला. "सुताराची लेक शेवटी. बापाला शिकवते."

विचारायला हवं होतं. खुंटावर अंगठा होता, डोळ्यासमोर कुलूप होतं, आणि लेक तीन पावलांवर उभी होती. भिमाजींनी विचारलं नाही. कारण घरी धाकटी मंजुळा होती आणि तिची सोयरीक ज्योतीरामच्याच चुलतभावाशी ठरली होती. चैत्रात लग्न. थोरलीबद्दल एक शब्द काढला असता तर धाकटीच्या हळदीवर पाणी पडलं असतं. त्यांनी फुटपट्टी काढली आणि मापं घेतली.

दुसऱ्या दिवशी ते पुण्याला बोहरी आळीत गेले. दुकानदाराने पाटावर मुठी मांडल्या. पत्र्याच्या, बिडाच्या, पितळेच्या. भिमाजींनी एकेक हातात घेऊन जोखली. पत्र्याच्या त्यांनी बाजूला सारल्या. बिडाची मूठ एका ठोक्यात तुटते हे त्यांनी कालच पाहिलं होतं.

"पितळेच्या द्या. जड हायेत."

"उजव्या किती, डाव्या किती?" दुकानदाराने विचारलं.

पुढच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या एका अंगाला होत्या, मागचीच्या दुसऱ्या. दोन उजव्या, एक डावी, असा हिशोब चिठ्ठीवर लिहूनच आणला होता. तरी भिमाजी पितळेची मूठ हातात तोलत राहिले.

"नीट बघून सांगा, मिस्त्री," दुकानदार म्हणाला. "उजवीच्या जागी उजवी लागली तर बंद केल्यावर मूठ खाली लोंबते, आपल्या वजनानं बसून राहते. उलटी लागली तर बंद केल्यावर वर उभी राहते. दिसते बंद. दोन धक्के दिले की आपोआप पडते, खिडकी उघडते. मग लोक माझ्याशी भांडायला येतात."

"आपल्या वजनानं पडती?"

"पितळ आहे ना."

भिमाजींनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. "तिन्ही उजव्या द्या," ते म्हणाले.

येताना गाडीत त्यांना फार बरं वाटलं. एवढं बरं त्यांना त्या अख्ख्या महिन्यात वाटलं नव्हतं. बापाने लेकीसाठी काहीतरी केलं, आणि कुणाला शब्द बोलावा लागला नाही. माणूस असाच असतो. धाडस करायची वेळ आली की तो एखादा खिळा वाकडा मारतो आणि त्यालाच धाडस म्हणतो.

बसवायच्या दिवशी ठकू आत उभी राहिली. ही त्यांची जुनी रीत. ती पाच वर्षांची असल्यापासून भिमाजी कुणाचंही दार बसवलं की तिला आत पाठवत आणि बाहेरून म्हणत, "दे धक्का." ती दोन्ही हातांनी ढकलायची आणि आतून ओरडायची, "बसलं, आबा!" तिचं 'बसलं' आल्याशिवाय भिमाजी हत्यारं गोळा करत नसत. गावात चेष्टा व्हायची, की सुतार बाप आहे आणि मुकादम लेक.

पुढच्या दोन खिडक्या झाल्या. तिने आतून धक्के दिले. मुठी हलल्या नाहीत. "बसलं," ती म्हणाली, पण ओरडली नाही. ज्योतीराम बाजूलाच उभा होता, त्याने स्वतः मुठी फिरवून पाहिल्या आणि मान डोलावली. मग शेजाऱ्याने हाक मारली म्हणून तो ओट्यावर गेला.

भिमाजी घराला वळसा घालून मागे आले आणि तिसरी मूठ बसवली. बंद केल्यावर ती वर उभी राहिली. "दे धक्का," ते हळूच म्हणाले. ठकूने तळवा टेकवला. पहिल्या धक्क्याला मूठ थरथरली, दुसऱ्याला पडली आणि झडप बोटभर उघडली. फटीतून ती बापाकडे बघत राहिली. भिमाजींनी झडप लोटली, मूठ पुन्हा वर उभी केली, आणि 'बसलं'ची वाट न बघता हत्यारं पिशवीत टाकली.

ज्योतीरामने निघताना विचारलंच. "मागची उलटी कशी काय?"

"डावी न्हवती बोहऱ्याकडं. ऱ्हाती तशीबी."

"राहील ना?"

"ऱ्हाती."

होळीला चार दिवस होते. दुपारी भिमाजी अंगणात बैलाचं जू तासत होते, तेव्हा ठकू वाटेने येताना दिसली. चिंचवडहून भोसरी, मोशी, नदीचा पूल ओलांडून चालत आली होती. पायात काही नव्हतं. ओठ एका बाजूला फाटला होता. पण चेहऱ्यावर हसू होतं, आणि भिमाजींना त्या हसण्याचीच भीती वाटली.

"पडली, आबा," ती म्हणाली. "दोन धक्क्यांत पडली. तुमी बसवली तशीच."

ती आईच्या गळ्यात पडली नाही, रडली नाही. घरात जाऊन तिने हातपाय धुतले, चुलीपाशी बसून भाकरी खाल्ली आणि मग मंजुळेला हळूहळू सगळं सांगितलं. शेजारणीशी खिडकीतून बोलली म्हणून हातोडीने मुठी तोडल्या. हात मधे आला. पहिल्या शिफ्टला गेला की रात्रीपर्यंत कुलूप, आणि कुलूप उघडलं की मार. सांगून झाल्यावर ती भिंतीला टेकून झोपली. बापाने बोलावलं होतं, ती आली होती. तिच्या मनात दुसरा विचारच नव्हता.

सरुबाईने, म्हणजे भिमाजींच्या बायकोने, नवऱ्याला अंगणात गाठलं. तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र खाली होता.

"उद्या नेऊन घाला तिला."

"हात बघितलास तिचा?"

"बघितला. मी काय आंधळी हाय? पोटच्या पोरींत डावं-उजवं करत न्हाई मी. पर ही हितं ऱ्हायली तर धाकटी उजवायची न्हाई. ते घर तरी घेईल का तिला? आन् दुसरं कोन घेईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. अजून कुनाला म्हाईत न्हाई तोवर घाला."

भिमाजींनी तासणी उचलली. मंजुळेला त्याच घरात का द्यायची, हा प्रश्न त्यांना सुचला होता. सरुबाईलाही सुचला असणार. दोघांपैकी कुणी तो तोंडाबाहेर काढला नाही. पत्रिका छापून झाल्या होत्या.

सकाळी ठकूला उठवून, नवऱ्याकडे परत जायचं, असं सांगितलं. "मंग मूठ तशी का बसवली, आबा?" तिने विचारलं. भिमाजींनी पायात वहाणा सरकवल्या. खरं उत्तर इतकंच होतं, की ती मूठ त्यांनी तिच्यासाठी बसवलीच नव्हती. स्वतःच्या झोपेसाठी बसवली होती.

क्वार्टरवर ज्योतीराम रजा टाकून बसला होता. भांडला नाही, आवाज चढवला नाही. ठकू मान खाली घालून आत गेली. त्याने मामांना खुर्ची दिली.

"मामा, मागची मूठ पडते," तो म्हणाला. "आज सकाळीच मी बोहरी आळीत जाऊन आलो. डाव्या पाटीभर आहेत तिथं. माघातही होत्या म्हणे." त्याने कागदाची पुडी पुढे केली. आत पितळेची डावी मूठ होती, नवी कोरी. "एवढं करून जा. मंजुळेचं घरातलं कार्य आहे, आपल्यात किंतु नको."

भिमाजींनी पुडी घेतली. नको म्हणायला एक क्षण होता, तो त्यांनी पिशवीची नाडी सोडण्यात घालवला.

मागे जाऊन त्यांनी जुनी मूठ काढली, नवी लावली, मळसूत्रं आवळली. ज्योतीराम शेजारीच उभा होता. मूठ खाली लोंबली, आपल्या वजनाने घट्ट बसली. काम संपलं होतं. पिशवी उचलून निघायचं तेवढं राहिलं होतं. पण जुनी सवय. तोंडातून शब्द गेलेच.

"दे धक्का."

काचेपलीकडे ठकू आली. तिने सुजलेला हात बाजूला ठेवला आणि चांगल्या हाताने ढकललं. एकदा. मग दुसऱ्यांदा, सगळा भार टाकून. मूठ हलली नाही.

"बसलं, आबा," ती आतून म्हणाली.

ज्योतीरामने पाण्याचा तांब्या पुढे केला. चिंचवडात त्या दिवशी ऊन फार होतं आणि भिमाजींच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी हात जोडून नको म्हटलं.

"लेकीच्या घरचं पानी घेत न्हाई आमी," ते म्हणाले, आणि एसटी पकडायला निघाले.