बुआफान आजीचा पांढरा दोरा

बुआफान आजीच्या पिशवीत पांढऱ्या सुताचा दोरा होता. नातीने, खामकेवने, बँकॉकचा मुलगा पसंत केला होता. आजीने त्याच्या मनगटाला दोरा बांधला तर लग्न, नाहीतर नाही. म्हणून तर आजीने त्याला पारखायला चेसॉनच्या राष्ट्रीय उद्यानात, गरम झऱ्यांवर आणलं. आणि हा थनित फाटकापासून नाकाला अत्तराचा रुमाल लावून चाललेला!

"कोण मेलंय रे इथे?"

"गंधक आहे ना आजी. सडक्या अंड्यांसारखा..."

"झऱ्याच्या देवासमोर नाक धरतोस? तुझ्या घरी पाहुण्यांनी असं केलं तर?"

खदखदत्या कुंडात आजीने अंड्यांची बांबूची टोपली सोडली. खालच्या ओहोळात शहरी माणसं खुशाल पाय चोळत बसली होती. आजीला शिसारी आली. अंडी निघाली ती या पाण्याच्या रीतीने: पिवळं घट्ट, पांढरं लिबलिबीत. आजीने सुर्रकन ओढलं. थनितने ओल्या कागदाने टरफल पुसलं, पुन्हा पुसलं, आत डोकावला आणि खामकेवच्या कानात म्हणाला, "शेंबूड गं नुसता!"

आजीचे कान अजून शाबूत होते. कसलं हे सोवळं ध्यान! दोरा तिने पिशवीच्या पार तळाशी कोंबला.

पुढे जंगलातली पायवाट. "आजी, वर बघ, माकडं!" खामकेव ओरडली. आजी वर बघणार तोच अंबाड्यावर काहीतरी कोमट, पातळ, पचकन पडलं.

माकडाच्या घाणीचा वास सुटला. खामकेव दोन पावलं मागे सरली. थोरांच्या पवित्र डोक्याला हात लावायचा? आजीच्या डोक्याला तर पोटच्या लेकींनीही कधी लावला नव्हता. घाण मानेवर ओघळू लागली. हे घेऊन त्या पायधुव्यांच्या समोरून जायचं?

थनित गुडघ्यांवर बसला. हात जोडले. "आजी, डोक्याला हात लावतो. क्षमा असावी."

उठून त्याने लावलेला अत्तराचा रुमाल एका पुसण्यात बरबटला. मग तो बोटांनीच केसांतली घाण निपटू लागला. त्याला दोनदा उमासे आले, पण हात थांबले नाहीत.

"आता धर की नाक," आजी म्हणाली.

"हात रिकामा नाही, आजी."

आजीने पिशवीच्या तळातून दोरा उपसला. थनितने लगेच मनगट पुढे केलं.

"शी! तसाच बांधू? आधी हात धुऊन ये. आणि ओहोळात पाय घातलास तर याद राख!"